साच्यातला दगड

डॅलसच्या उपनगरात राहणाऱ्या मावसभावाकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा गाडीतून उतरल्यावर आधी नजर गेली ती घराच्या दर्शनी भिंतीवर. दोन मजले उंच, पिवळट-तपकिरी दगडांची, मधूनमधून एखादा राखाडी. मी साताऱ्याकडचा. आमच्या जुन्या घराच्या भिंती दोन फूट जाडीच्या, काळ्या दगडाच्या. त्यामुळे दगड दिसला की हात लावून बघायची खोड आहे. बोटाच्या पेरानं टकटक केली, तर आवाज पोकळ आला.

"दादा, दगड नाहीये तो," भाऊ डिकीतून बॅगा काढत म्हणाला. "सिमेंट आहे. इंच-दीड इंचाचं. मागे सगळं लाकूड."

मग जरा थांबून म्हणाला, "आणि खिडकीखालचं लाकूड कुजलंय. दुरुस्तीचा आकडा संध्याकाळी सांगतो, आत्ता चहा घे."

त्या पोकळ आवाजामागे काय आहे, हे समजून घेण्यात पुढे माझे बरेच दिवस गेले. हा लेख त्यातूनच आलाय. विषय रुक्ष वाटेल, पण त्यात आगीतून फुफाट्यात पडलेलं एक घर आहे, कोळशातून दगडात आलेली एक कंपनी आहे, आणि शेवटी पाणी आहे.

आधी शब्द. व्हेनिअर आपल्याला फर्निचरमुळे माहीत आहे. प्लायवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवला की टेबल सागवानी दिसतं. तो पापुद्रा निदान खऱ्या सागाचा असतो. भावाच्या भिंतीवरचं व्हेनिअर मात्र दगडाचा काप नाही. सिमेंट, हलकी खडी आणि रंग यांचं मिश्रण साच्यात ओतून केलेला तो दगडाच्या आकाराचा तुकडा आहे. तिकडे त्याला मॅन्युफॅक्चर्ड स्टोन व्हेनिअर म्हणतात. बांधकामावरचे लोक 'लिक अँड स्टिक' म्हणतात, म्हणजे पोस्टाच्या तिकिटासारखा चाटायचा आणि चिकटवायचा.

पण खरा दगड का लावत नाहीत? याचं उत्तर पैशाआधी वजनात आहे. अमेरिकेतली बहुतेक स्वतंत्र घरं लाकडी सांगाड्याची असतात. उभ्या लाकडी पट्ट्या, त्यांच्यावर बाहेरून प्लायचे किंवा लाकडाच्या चिपांपासून दाबून केलेले तक्ते, आतून जिप्सम बोर्ड. संपली भिंत. आपल्याकडचा आरसीसीचा सांगाडा आणि विटांची भिंत डोळ्यांसमोरून काढून टाकल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. चार इंच जाडीचा खरा दगड लावायचा तर चौरस फुटाला साधारण २४ किलो भार येतो. ३०० चौरस फुटांची दर्शनी भिंत धरली तर सात टनांहून जास्त. तो भार लाकडी पट्ट्यांच्या अंगावर टाकता येत नाही, त्यासाठी पायातूनच दगडाला वेगळी बैठक काढावी लागते. याउलट नुसत्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यानं चिकटवायच्या आवरणासाठी अमेरिकन बांधकाम नियमांत एक मर्यादा घातलेली आहे: चौरस फुटाला १५ पौंड, म्हणजे सात किलोच्या आत. तेवढ्यात बसलात तर पायाला हात लावायला नको. तीच भिंत आता दोन टनांवर येते. हा सगळा धंदा या एका आकड्याच्या आत राहण्यावर उभा आहे.

दगडाची नक्कल अमेरिकेला नवी नाही. तिथल्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचं माउंट व्हर्ननचं घर लांबून दगडी दिसतं. जवळ जाऊन पाहिलं तर पाइनच्या फळ्या आहेत: चिऱ्यांसारख्या खाचा पाडलेल्या, वर रंग, आणि रंग ओला असताना त्यावर मारलेली वाळू. खुद्द सिमेंटचं नावसुद्धा नकलेतून आलंय. १८२४ मध्ये इंग्लंडमधल्या जोसेफ ॲस्पडिननं पेटंट घेतलं तेव्हा आपला माल घट्ट झाल्यावर पोर्टलंडच्या नामांकित इमारती दगडासारखा दिसतो, म्हणून त्याला पोर्टलंड सिमेंट म्हटलं. आपण गोणीवर रोज वाचतो तो शब्द मुळात 'अमक्या दगडासारखा' एवढंच सांगतो.

या नकलेचा संघटित व्यापार सुरू झाला तो १९२९ मध्ये, ओहायोतल्या कोलंबसमध्ये. पर्मा-स्टोन नावाच्या कंपनीनं एक हुशारी केली. भिंती स्वतः करत बसण्याऐवजी तिनं गावोगाव डीलर नेमले, त्यांना शिकवलं, आणि साचे व साहित्य पुरवलं. जुन्या घराच्या भिंतीवर ओल्या सिमेंटचा थर द्यायचा, साच्यानं दाबून दगडाचा आकार उठवायचा, आणि संध्याकाळपर्यंत लाकडी घराचा वाडा करून द्यायचा.

आता ते घर. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उद्याची घरं कशी असतील याचे नमुने मांडले होते. त्यातल्या एकाचं आवरण होतं रोस्टोन. शेल जातीचा खडक, चुनखडी आणि अल्कली यांपासून बनवलेले हे फरशीसारखे तक्ते. याला कधी दुरुस्ती लागणार नाही, अशी जाहिरात होती. प्रदर्शन संपल्यावर एका बांधकाम व्यावसायिकानं ते घर आणखी काही घरांबरोबर विकत घेतलं आणि मिशिगन सरोवराच्या काठावर बेव्हर्ली शोर्स इथे नेलं, तेही तराफ्यावर चढवून पाण्यातून. दोन दशकं पुरी व्हायच्या आत रोस्टोन झडायला लागलं. १९५० मध्ये खराब झालेला भाग झाकला गेला, आणि कशानं? तर पर्मा-स्टोननं. नकली दगडाची जखम दुसऱ्या नकली दगडानं बांधली. ते घर आजही तिथे उभं आहे.

याच मालिकेतलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे बाल्टिमोरचं फॉर्मस्टोन. १९३७ मध्ये तिथल्या आल्बर्ट नाइट यांनी त्याचं पेटंट घेतलं. बाल्टिमोरमध्ये कामगारांच्या घरांच्या लांबच लांब रांगा आहेत, एकाला एक चिकटून. त्यांच्या विटा मऊ आणि पाणी पिणाऱ्या, म्हणून दर काही वर्षांनी रंग काढावा लागे. दारात आलेला विक्रेता सांगे की एकदा हे लावा, मग रंगाची कटकट संपली. आधी विटांवर जाळी ठोकायची. तिच्यावर पहिला थर, मग दुसरा, मग रंगीत शेवटचा. तो ओला असताना चुरगळलेला मेणकागद लावून वरून रोलर फिरवला की दगडाचा खडबडीतपणा उतरायचा. कारागीर हातानं सांधे कोरायचा, आणि उन्हात चमकावं म्हणून अभ्रकाचा चुरा मारायचा. गल्लीच्या गल्ल्या अशा दगडी झाल्या. तिथलेच चित्रपट दिग्दर्शक जॉन वॉटर्स यांनी त्याला विटांचं पॉलिएस्टर म्हटलं. ज्यांच्या घरात टेरिलिनचा शर्ट एके काळी सणासुदीला निघायचा, त्यांना यातला टोमणाही कळेल आणि मायाही.

फॉर्मस्टोनची खोट अशी की ते पूर्णपणे हातावर अवलंबून होतं. कारागीर चांगला तर दगड चांगला. आणि सगळं भिंतीवरच, ओल्यात, हवामान बघून. माल गोदामात ठेवता येत नव्हता, कारण गोदामात ठेवण्यासारखा मालच नव्हता. सिमेंट, रंग आणि एका माणसाचं मनगट, एवढंच.

इथे कॅलिफोर्नियातलं नॅपा येतं. वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात १९६२ मध्ये स्टको स्टोन प्रॉडक्ट्स या कंपनीचं काम सुरू झालं. स्टको म्हणजे बाहेरचा गिलावा, तेव्हा नावातच तिचं कूळ सांगितलेलं आहे. तिनं केलेला बदल ऐकायला किरकोळ वाटतो: दगड भिंतीवर घडवायचा नाही, कारखान्यात घडवायचा. सुटा सुटा, खोक्यात भरून विकायचा. त्याला नाव दिलं कल्चर्ड स्टोन. नाव ठेवणाऱ्याच्या मनात कल्चर्ड मोती असावेत असा माझा तर्क आहे. खोटे म्हणायचे नाहीत आणि खरे म्हणता येत नाहीत, असे. हे नाव इतकं रुळलं की कोणत्याही कंपनीच्या अशा मालाला लोक कल्चर्ड स्टोनच म्हणू लागले. आपण कोणत्याही यंत्रावरच्या प्रतीला झेरॉक्स म्हणतो, तसं.

पण माल घडतो कसा, ते बघण्यासारखं आहे. आधी खरे दगड शोधून आणायचे. नदीतले गोटे, शेतातले धोंडे, खाणीतल्या चपट्या लाद्या. रांगेनं मांडून त्यांच्यावर रबरासारखं लवचीक द्रव्य ओतायचं. ते घट्ट झालं की साचा तयार. त्यात दगडाची प्रत्येक भेग, टवका, अगदी टाकीचा घावसुद्धा उतरलेला असतो. नंतरची पायरी मला सर्वांत आवडली. रंग दगडाला देत नाहीत, साच्याला देतात. रिकाम्या साच्यात कामगार हातानं इथे थोडा पिवळा, तिथे तांबूस, कडेला काळपट असे रंग लावतो, आणि मग मिश्रण ओततो. ओलं सिमेंट तो रंग अंगात घेतं. साचा हलवून हवेचे बुडबुडे काढले, मिश्रण घट्ट झालं, की रबर सोलून काढायचं आणि आत दगड.

हे रंग म्हणजे मुख्यतः लोखंडाची ऑक्साइडं. आपला जांभा तांबडा दिसतो तोही लोहामुळेच. म्हणजे नक्कल असली तरी रंगाचं घराणं तेच आहे. फरक एवढाच की जांभा फोडला तर आतही तांबडाच निघतो. हा फोडला तर आत बहुतेकदा सिमेंटचा करडा. म्हणून त्यावर आम्ल टाकून धुवायचं नाही, जोरदार पाण्याचा झोत मारायचा नाही. वरची कांती गेली की दगडपण गेलं.

वजन आटोक्यात ठेवतात ते खडीच्या जोरावर. नेहमीच्या खडीऐवजी प्युमिस हा ज्वालामुखीतला सच्छिद्र दगड, नाहीतर भट्टीत फुगवलेली माती किंवा शेल. अंगभर भोकं असल्यानं हलकी. ही भोकं लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहेत.

नकली दगड ओळखण्यात मी आता इतका पटाईत झालोय की भाऊ वैतागतो. एका साच्यातून हजारो दगड निघतात, तेव्हा भिंतीवर कुठेतरी जुळी भावंडं सापडतातच. ती शेजारी येऊ नयेत म्हणून लावणाऱ्यानं एकाच वेळी तीन-चार खोकी उघडून मिसळून घ्यायची असतात. घाईत हे कोणी करत नाही. खरा कस लागतो तो कोपऱ्यावर. इंचभराचा तुकडा कोपऱ्यावर संपला तर जाडी उघडी पडेल. म्हणून कारखाने काटकोनात वळलेले खास तुकडे करतात. दोन्ही बाजूंनी एकच दगड वळून गेलेला दिसला की डोळा आपोआप समजून घेतो की धोंडा चांगला फूटभर जाड आहे. सगळ्या धंद्यातली सर्वांत हुशार वस्तू कोणती विचाराल तर मी हा कोपरा म्हणेन.

नॅपाच्या या बदलानं कौशल्याचा पत्ताच बदलला. फॉर्मस्टोनच्या वेळी कला भिंतीपुढच्या माणसाच्या हातात होती. आता ती कारखान्यात साचा करणाऱ्या आणि रंग लावणाऱ्या हातांत गेली, आणि भिंतीपुढचा माणूस फरशी बसवणारा झाला. मालाला ठरावीक दर आला, रंगांना नंबर आले, कॅटलॉग आला. १९६९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या कार्नेशन या छोट्या गावात एल्डोराडो स्टोन सुरू झाली आणि नॅपावाल्यांना तगडा प्रतिस्पर्धी मिळाला.

आणि मग मोठ्या कंपन्यांचं लक्ष गेलं. इथून पुढे मालकांची नावं वाचताना सातबाऱ्यावरचे फेरफार वाचल्यासारखं वाटतं. नॅपाची कंपनी आधी फायबरबोर्ड नावाच्या कंपनीकडे गेली. १९९७ मध्ये फायबरबोर्डलाच ओवेन्स कॉर्निंगनं विकत घेतलं. काचतंतूचं गुलाबी इन्सुलेशन विकणारी ती हीच. या दोन्ही कंपन्यांच्या मानगुटीवर जुन्या ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे फुप्फुसांना घातक ठरलेल्या खनिज तंतूचे, दावे होते. त्यांच्या ओझ्यानं ओवेन्स कॉर्निंगनं ऑक्टोबर २००० मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला आणि २००६ मध्ये ती त्यातून बाहेर पडली. सिमेंटच्या दगडाचा त्या खटल्यांशी काडीचा संबंध नव्हता, पण मालक कोर्टात असताना धंद्यावर सावली पडतेच. २०१० च्या अखेरीस निम्मा हिस्सा ऑस्ट्रेलियाच्या बोरालकडे गेला, आणि पुढे उरलेलाही.

प्रतिस्पर्ध्याची कथा आणखी गमतीची. २००४ मध्ये एल्डोराडोला हेडवॉटर्स या यूटा राज्यातल्या कंपनीनं सुमारे २० कोटी डॉलरला घेतलं. हेडवॉटर्सचा मूळ धंदा कोळशाचा. दगडी कोळशावर प्रक्रिया करून केलेल्या इंधनावर अमेरिकेत करसवलत होती, आणि तिच्यावर कंपनीची चांगली कमाई चालली होती. ती सवलत २००७ च्या अखेरीस संपणार हे आधीपासून ठरलेलं होतं. तेव्हा नळ बंद व्हायच्या आत दुसरी विहीर खणावी म्हणून त्यांनी बांधकाम साहित्याच्या कंपन्या घेतल्या, त्यातली एक दगडाची. दुर्दैव असं की २००७-०८ मध्ये अमेरिकेतलं घरबांधणीचा आडच आटला. तरी हेडवॉटर्स टिकली. २०१७ मध्ये बोरालनं तिला २६० कोटी डॉलरला विकत घेतलं, आणि अशा रीतीनं नॅपा आणि कार्नेशन, म्हणजे कल्चर्ड स्टोन आणि एल्डोराडो, एकाच छपराखाली आले. ग्राहक दुकानात दोन कॅटलॉग चाळून तुलना करत होता, आणि दोन्हींचा गल्ला एकच.

ऑक्टोबर २०२१ मध्ये बोरालनं उत्तर अमेरिकेतला हा सगळा बांधकाम साहित्याचा पसारा ह्यूस्टनच्या वेस्टलेकला २१५ कोटी डॉलरला विकला. वेस्टलेकची ख्याती पीव्हीसीसाठी आहे, म्हणजे प्लास्टिकचे पाइप वगैरे. विटांचं पॉलिएस्टर अखेर प्लास्टिकवाल्यांच्या घरी नांदायला गेलं.

आता भावाच्या खिडकीकडे येऊ.

संध्याकाळी त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. दुरुस्तीवाल्यानं खिडकीखालचे दगड काढले होते आणि मागचा तक्ता ओल्या पोह्यांसारखा झाला होता. बिल्डर म्हणे दगडाचा दोष, दगड लावणारा म्हणे खिडकीचा. भावाला आकडा भरायचा होता.

यात काय होतं, ते सांगतो. आपल्या जुन्या दगडी भिंतीला पाऊस लागतो तेव्हा तीही पाणी पिते. पण भिंत दोन फुटांची. पाणी आतवर पोचेपर्यंत पावसाळा संपतो, आणि पोचलं तरी कुजण्यासारखं तिथे काही नसतं. भावाच्या भिंतीत पावसापासून लाकडापर्यंत अंतर आहे दोन-तीन इंच. सिमेंटचा दगड, त्यातल्या हलक्या खडीची ती भोकं, मागचा मसाला, सगळे स्पंजसारखे पाणी धरतात. मग पाऊस थांबतो आणि टेक्ससचं ऊन पडतं. दगड तापतो, त्यातल्या पाण्याची वाफ होते. ती काही सगळी बाहेर जात नाही. आतल्या बाजूला एसीनं गार झालेलं घर आहे, तेव्हा वाफ गार बाजूकडे ओढली जाते आणि लाकडी तक्त्यावर दव धरतं. रोज थोडं थोडं. बाहेरून दगड खडखडीत कोरडा दिसतो.

असंच काहीसं १९९० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन गावी कृत्रिम गिलाव्याच्या घरांत झालं होतं. बाहेरून नवी कोरी दिसणारी घरं आतून कुजलेली निघाली आणि खटल्यांची रांग लागली. दगड चिकटवणाऱ्यांनी त्यातून वेळेत धडा घ्यायला हवा होता. तो घेतला, पण रमतगमत. दगडाच्या तुकड्याचा दर्जा कसा असावा आणि तो लावायचा कसा, याची एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची स्वतंत्र मानकं आली ती थेट एकविसाव्या शतकात.

त्यांचं सार असं. लाकडावर जलरोधक कागदाचे एक नाही, दोन थर. वरचा थर सिमेंटला चिकटून बसतो आणि स्वतःचा बळी देतो, खालचा मोकळा राहतो, आणि दोहोंमधल्या फटीतून पाणी खाली वाहतं. मग जाळी, गिलावा, मसाला, दगड. खिडकीच्या कडांना पत्रा असा वळवायचा की आत शिरलेलं पाणी परत बाहेर पडावं. आणि भिंतीच्या तळाशी भोकं पाडलेली पट्टी, जिथून ते ठिबकून जाईल. ती पट्टी जमिनीला टेकता कामा नये. मातीपासून चार इंच वर, फरसबंदी असेल तर दोन इंच. म्हणजे पाणी आत येणारच हे गृहीत धरायचं आणि त्याला जायला वाट ठेवायची. माझ्या मते नॅपावाल्यांनी वजनाचं कोडं सोडवलं ते त्यांच्या कारखान्यात, पण पाण्याचं कोडं खोक्यात भरून पाठवता येत नाही. ते प्रत्येक घरी, दिवसाच्या मजुरीवर आलेल्या माणसाला नव्यानं सोडवावं लागतं. फॉर्मस्टोनच्या कारागिराचं मनगट धंद्यातून काढून टाकलं असं वाटलं होतं. ते दगडाच्या मागे, कागदाच्या घडीत जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं टेप घेऊन घराभोवती फिरलो. दर्शनी भिंतीपाशी गुलाबाची झाडं, आणि त्यांच्या बुडाशी लाकडाच्या भुशाचा जाड थर. छान दिसतो म्हणून भाऊ दर वसंतात त्यावर आणखी दोन पोती ओततो. चार इंच मोजायला टेप लावायला गेलो तर मोजण्यासारखं काही दिसेना. भुसा थेट दगडाला भिडलेला होता.

फावडं आणलं. वीतभर उकरल्यावर खाली ती पट्टी सापडली. भोकं मातीनं बुजलेली, आणि एका भोकातून मुंग्यांची रांग आत चाललेली.

"ही इथे आहे हे मला नऊ वर्षं माहीतच नव्हतं," भाऊ म्हणाला, आणि त्यानं पुढच्या झाडापाशी फावडं घातलं.